सिनेमा अजून लांब, पण अल्बम कधी? ॲनिमेशनपटांच्या साउंडट्रॅकची चाहते एवढी वाट का बघतात?

१८ ऑक्टोबर २०१८. पोस्ट मलोन आणि स्वे ली या दोन अमेरिकन गायकांचं 'सनफ्लॉवर' हे गाणं बाजारात आलं. गाणं 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटातलं होतं, पण तो चित्रपट यायला अजून आठ आठवडे होते. या आठ आठवड्यांत गाणं लोकांच्या तोंडी बसलं. १४ डिसेंबरला चित्रपट लागला, तेव्हा त्याचा नायक माइल्स मोरालेस हेडफोन लावून, चित्र काढत हेच गाणं गुणगुणताना दिसला. त्याला सगळे शब्द येत नसतात. जिथे अडतं तिथे तो काहीतरी पुटपुटतो आणि पुढे जातो.

थिएटरमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांची अवस्था तीच होती. गाणं माहीत, चाल पाठ, शब्द अर्धवट. गाणं आधी आलं नसतं, तर हा प्रसंग असा जमलाच नसता. पडद्यावरचा मुलगा आपल्यासारखाच आहे, हे सांगायला दिग्दर्शकांना एकही संवाद लागला नाही.

या मालिकेतला दुसरा चित्रपट जून २०२३ मध्ये आला आणि गोष्ट ऐन रंगात आली असताना संपला. तिसरा भाग, 'बियाँड द स्पायडर-व्हर्स', आधी मार्च २०२४ मध्ये येणार होता. तो पुढे ढकलला गेला आणि आता २०२७ मध्ये येणार आहे. त्यामुळे चाहत्यांची वाट बघणं दुहेरी आहे: गोष्टीचीही आणि गाण्यांचीही. कुणी आपल्या मनानेच ट्रॅकलिस्ट बनवतंय, कुणी टीझरमधल्या चार सेकंदांच्या बीटवरून संगीतकार ओळखतंय. २०२७ च्या नोव्हेंबरमध्ये 'फ्रोझन ३' यायचा आहे, तिथेही हेच सुरू होईल.

बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटू शकतो. पण अल्बम कधी येतो, त्यात काय असतं आणि काय नसतं, याला ठरलेली कारणं आहेत. ती माहीत नसली की चाहत्यांची हमखास निराशा होते, कधी कधी पैसेही वाया जातात.

'साउंडट्रॅक' म्हणजे नेमका कुठला अल्बम?

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. एका चित्रपटाचे दोन, कधी तीन वेगवेगळे अल्बम निघतात आणि सगळ्यांना आपण 'साउंडट्रॅक'च म्हणतो.

पहिला अल्बम गाण्यांचा. दुसरा पार्श्वसंगीताचा, ज्याला 'स्कोअर' म्हणतात. 'इनटू द स्पायडर-व्हर्स'चा गाण्यांचा अल्बम चित्रपटाच्याच दिवशी आला. डॅनियल पेम्बर्टन यांनी केलेल्या पार्श्वसंगीताचा अल्बम वेगळा निघाला. तुम्हाला 'व्हॉट्स अप डेंजर' हवं असेल, तर पहिला. काका ॲरन 'प्राउलर' बनून माइल्सच्या मागे लागतो तेव्हा येणारी ती अंगावर काटा आणणारी किंकाळी हवी असेल, तर दुसरा. (ती किंकाळी मुळात हत्तीच्या आवाजावर प्रक्रिया करून तयार केलेली आहे. हे कळल्यावर ती पुन्हा ऐका.) पेम्बर्टन यांनी आणखी एक उद्योग केला. ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण विनाइल तबकडीवर उतरवलं आणि डीजे करतात तसं ते 'स्क्रॅच' करून पुन्हा वापरलं. हिप-हॉप आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांत इतके मिसळलेले वाटतात ते त्यामुळे.

आता अल्बमच्या नावाखालची बारीक ओळ वाचा. तिथे 'ओरिजिनल मोशन पिक्चर साउंडट्रॅक' असेल, तर साधारणपणे चित्रपटातली गाणी, आणि बऱ्याचदा थोडं पार्श्वसंगीत. 'ओरिजिनल स्कोअर' असेल तर फक्त पार्श्वसंगीत. आणि 'फ्रॉम अँड इन्स्पायर्ड बाय' असेल, तर सावध व्हा. म्हणजे यातली काही गाणी चित्रपटात आहेत आणि काही चित्रपटावरून सुचलेली आहेत. ती पडद्यावर ऐकू येतीलच असं नाही. स्पायडर-व्हर्सच्या गाण्यांचे दोन्ही अल्बम याच प्रकारातले. दुसऱ्या चित्रपटाचा अल्बम तर मेट्रो बूमिन या निर्मात्याच्या नावानेच निघाला. तो चित्रपटाच्या साउंडट्रॅकइतकाच त्याचा स्वतःचा अल्बम होता.

उलटंही होतं. चित्रपटात वाजलेलं प्रत्येक गाणं अल्बममध्ये नसतं. पहिल्या स्पायडर-व्हर्समध्ये द नोटोरियस बी.आय.जी. यांचं १९९७ चं 'हिप्नोटाइझ' ऐकू येतं, पण गाण्यांच्या अल्बममध्ये ते नाही. जुनं गाणं चित्रपटात वापरायची परवानगी आणि तेच गाणं अल्बममध्ये विकायची परवानगी हे दोन वेगळे व्यवहार असतात. 'माझं आवडतं गाणंच गाळलं' अशी ओरड दर चित्रपटानंतर होते. बहुतेक वेळा गाणं कुणी गाळलेलं नसतं, त्याचा व्यवहारच झालेला नसतो.

गाणी आधी, पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी

ॲनिमेशनपटात पात्राचे ओठ आवाजाप्रमाणे हलवायचे असतात. म्हणजे आवाज आधी, चित्र नंतर. पात्र पडद्यावर गाणार असेल, तर ते गाणं लिहून, गाऊन, निदान कच्चं ध्वनिमुद्रित होऊन ॲनिमेटरच्या हातात पडावं लागतं. त्यामुळे संगीतिकेच्या अंगाने जाणाऱ्या ॲनिमेशनपटांची गाणी प्रदर्शनाच्या कितीतरी आधी तयार असतात.

पार्श्वसंगीताचं गणित बरोबर उलटं. प्रसंग किती सेकंदांचा, दार कुठल्या फ्रेमला उघडतं, हे पक्कं झाल्याशिवाय ते नीट बसवता येत नाही. म्हणून ते शेवटच्या टप्प्यात लिहिलं आणि वाजवलं जातं. संपादनात शेवटच्या क्षणी बदल झाला तर त्यालाही पुन्हा कात्री लागते.

चाहत्यांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. चित्रपटाच्या दोन महिने आधी एखादं गाणं आलं, तर त्यात नवल नाही, ते तयारच होतं. पण दोन महिने आधी कुणी 'पूर्ण स्कोअर लीक झाला' म्हणत असेल, तर तो बहुधा अजून वाजवूनच झालेला नसतो.

जपानमध्ये या क्रमाची एक वेगळीच तऱ्हा होती. स्टुडिओ जिब्लीच्या चाहत्यांना 'इमेज अल्बम' हा शब्द माहीत असेल. चित्रपट तयार होण्याआधीच संगीतकाराने दिग्दर्शकाच्या कल्पनांवर आणि रेखाटनांवर एक अख्खा अल्बम करायचा, आणि तो चक्क विकायलाही ठेवायचा. हायाओ मियाझाकींचा 'नॉसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड' मार्च १९८४ मध्ये आला. त्याचा इमेज अल्बम नोव्हेंबर १९८३ मध्येच आला होता. तो करायला बोलावलेला संगीतकार तेव्हा फारसा प्रसिद्ध नव्हता. नाव जो हिसाइशी. अल्बम इतका आवडला की चित्रपटाचं पार्श्वसंगीतही त्यांच्याकडेच आलं आणि मियाझाकी-हिसाइशी ही जोडी जमली ती कायमची. 'माय नेबर टोटोरो' आणि 'प्रिन्सेस मोनोनोके' यांचेही इमेज अल्बम चित्रपटाआधी निघाले. तिथे चाहते ऐकत होते ते चित्रपटाचं संगीत नव्हे, तर चित्रपट कसा होऊ शकेल याचा संगीतकाराने बांधलेला अंदाज.

अल्बम विकायची कल्पना कुणाची?

याची सुरुवातही ॲनिमेशनपटानेच झाली, असं मानलं जातं. वॉल्ट डिस्नेंचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' डिसेंबर १९३७ मध्ये आला आणि जानेवारी १९३८ मध्ये व्हिक्टर कंपनीने त्याची गाणी तीन तबकड्यांच्या संचात विकायला काढली. चित्रपटातलेच आवाज, तेच ध्वनी. व्यापारी पद्धतीने विकला गेलेला हा पहिला साउंडट्रॅक अल्बम मानतात.

गंमत म्हणजे डिस्नेकडे तेव्हा स्वतःची संगीत प्रकाशन कंपनीच नव्हती. 'स्नो व्हाइट'च्या गाण्यांचे प्रकाशन हक्क बोर्न या कंपनीकडे गेले. या चुकीतून शिकून डिस्नेने १९४९ मध्ये स्वतःची म्युझिक कंपनी काढली आणि १९५६ मध्ये रेकॉर्ड कंपनी. आज कुठल्याही मोठ्या ॲनिमेशनपटाच्या अल्बममागे एक लेबल, त्याचं वेळापत्रक आणि त्याचा हिशेब असतो, त्याचं मूळ इथे आहे.

चित्रपटाआधी अल्बम आणण्याचं यश ठळकपणे दिसलं ते 'द लायन किंग'मध्ये. एल्टन जॉन आणि टिम राइस यांची गाणी, हान्स झिमर यांचं पार्श्वसंगीत. अल्बम ३१ मे १९९४ ला आला, चित्रपट अमेरिकेत सगळीकडे लागला २४ जूनला. मधल्या साडेतीन आठवड्यांत रेडिओने चित्रपटाची जाहिरात फुकटात केली. त्या अल्बमला अमेरिकेत पुढे 'डायमंड' म्हणजे एक कोटींचा दर्जा मिळाला.

मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. आपल्याकडे कॅसेट आधी आणि सिनेमा नंतर हीच रीत होती. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला तेव्हा लोक 'झिंगाट' ऐकायला नव्हे, त्यावर नाचायलाच थिएटरात गेले होते. गाणं आधीच पाठ होतं. हॉलिवूडला जे मार्केटिंग वाटतं, ते आपल्या घरात टेपरेकॉर्डरवर वाजायचं.

तारीख कशी ओळखायची?

जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. त्याआधी अमेरिकेत मंगळवार होता, ब्रिटनमध्ये सोमवार. बिलबोर्डच्या चार्टसाठीचा आठवडाही शुक्रवार ते गुरुवार मोजतात. म्हणजे शुक्रवारी आलेल्या अल्बमला मोजणीचे पूर्ण सात दिवस मिळतात. लेबलं शुक्रवार सोडत नाहीत ते यासाठी.

मग राहतो प्रश्न कुठला शुक्रवार. 'फ्रोझन २' चित्रपट २२ नोव्हेंबर २०१९ ला आला, अल्बम त्याच्या आधीच्या शुक्रवारी, १५ नोव्हेंबरला. 'एन्कांटो' बुधवारी, २४ नोव्हेंबर २०२१ ला लागला. अल्बम आधीच्या शुक्रवारी, १९ ला. 'मोआना २' बुधवारी, २७ नोव्हेंबर २०२४ ला. अल्बम २२ ला. डिस्नेची सवय लक्षात आली असेल. 'फ्रोझन ३' साठी २४ नोव्हेंबर २०२७ ही तारीख जाहीर झालेली आहे आणि तो बुधवार आहे. ती टिकली आणि सवयही टिकली, तर अल्बम १९ नोव्हेंबरच्या शुक्रवारी यावा. हा माझा अंदाज आहे, घोषणा नव्हे. स्क्रीनशॉट काढून फिरवू नका.

सोनीच्या स्पायडर-व्हर्सची रीत वेगळी. तिथे अल्बम चित्रपटाच्याच शुक्रवारी आणि एखादं गाणं आधी सोडायचं. कारण सरळ आहे. डिस्नेच्या संगीतिकेत गाणीच गोष्ट पुढे नेतात, लहान मुलं ती आठवडाभर आधी ऐकून पाठ करून आली तर थिएटरमध्ये गातात. स्पायडर-व्हर्समध्ये गाणी मागे वाजतात, त्यांच्याशिवाय गोष्ट अडत नाही.

भारतात एक अडचण वेळेची. अमेरिकन अल्बम कधी प्रत्येक देशाच्या मध्यरात्री उघडतो, तर कधी न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सगळीकडे एकदम. दुसरा प्रकार असेल, तर आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. रात्री बारा वाजता ॲप पुन्हा पुन्हा उघडून 'आला नाही, आला नाही' म्हणणाऱ्यांनी सकाळी नाश्ता करून बघावं.

ट्रॅकलिस्टच स्पॉइलर असते तेव्हा

चित्रपटाआधी अल्बम आणायचा, तर प्रत्येक ट्रॅकला नाव द्यावं लागतं. आणि नावं बोलतात.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ॲनिमेशनपटाचं नाही, पण ते सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. 'स्टार वॉर्स: द फँटम मेनेस' १९ मे १९९९ ला यायचा होता. जॉन विल्यम्स यांच्या पार्श्वसंगीताचा अल्बम ४ मे रोजी दुकानात आला. मागच्या बाजूला छापलेल्या यादीत एका ट्रॅकच्या नावातच क्वाय-गॉनचा 'उदात्त शेवट' होता आणि दुसऱ्यात त्याचा अंत्यविधी. सोळा वर्षं नव्या स्टार वॉर्सची वाट बघणाऱ्यांना चित्रपटाचा शेवट सीडीच्या कव्हरवर वाचायला मिळाला.

त्या प्रकरणानंतर अनेक संगीतकार आणि लेबलं नावांबाबत जपून वागतात. कुणी ट्रॅकला मोघम नाव देतं, कुणी पार्श्वसंगीताचा अल्बम चित्रपटाच्या दिवसापर्यंत रोखून धरतं. पिक्सारचे 'द इन्क्रेडिबल्स', 'रॅटाटूई', 'अप' करणारे मायकेल जियाकिनो तर नावांमध्ये कोट्या करतात. कोटी कळते ती चित्रपट बघितल्यावरच.

गाण्यांच्या बाबतीत मात्र लपवणं अवघड. संगीतिकेत गाणं हाच कथेचा वळणबिंदू असतो. 'फ्रोझन २'मध्ये ॲना सर्वस्व गमावल्यावर अंधाऱ्या गुहेत एक गाणं गाते. ते आठवडाभर आधी ऐकलं, तर कुणीतरी गेलंय हे शब्दांवरून कळतं. त्यामुळे दरवेळी चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो पहिल्यांदा ऐकायचं ते थिएटरमध्येच. दुसरा म्हणतो गाणं पाठ असल्याशिवाय प्रसंग भिडतच नाही. माझं मत विचाराल तर: पडद्यावर पात्रं स्वतः गाणार असतील, तर थांबा. गाणी मागे वाजणार असतील, तर बिनधास्त ऐका. माइल्सचं 'सनफ्लॉवर' आधी ऐकून काहीच गेलं नाही, उलट मिळालं. तेच 'फ्रोझन २'मधलं ते गाणं आधी ऐकून काहीतरी नक्की जातं.

वाट बघितलेलीच गाणी गाजतात का?

इथे गंमत आहे. कंपन्यांनाही आपलं कुठलं गाणं चालणार हे आधी कळत नाही, आणि याचा सगळ्यात बोलका पुरावा 'एन्कांटो' आहे.

लिन-मॅन्युएल मिरांडा यांची गाणी असलेला हा अल्बम बिलबोर्ड २०० यादीत पहिल्यांदा आला तेव्हा १९७ व्या क्रमांकावर होता. थिएटरमध्येही चित्रपटाने फार धमाल केली नाही. २४ डिसेंबर २०२१ ला तो डिस्ने प्लसवर आला, मुलांनी घरी बसून पुन्हा पुन्हा पाहिला, टिकटॉकवर 'वी डोन्ट टॉक अबाउट ब्रुनो'चे व्हिडिओ सुरू झाले. जानेवारी २०२२ मध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. 'ब्रुनो' बिलबोर्ड हॉट १०० मध्ये पाच आठवडे पहिलं राहिलं. डिस्नेच्या ॲनिमेशनपटातलं गाणं तिथे याआधी पोहोचलं होतं ते १९९३ मध्ये, 'अलादिन'मधलं 'अ होल न्यू वर्ल्ड'.

आणि ऑस्कर? गाणी पाठवायची शेवटची तारीख होती १ नोव्हेंबर २०२१, म्हणजे चित्रपट लागण्याच्या तीन आठवडे आधी. डिस्नेने एकच गाणं पाठवलं, 'दोस ओरुगितास' हे स्पॅनिशमधलं हळवं गाणं. निवड चुकीची म्हणता येणार नाही, गाणं सुंदर आहे. पण जगभर जे गाणं वाजत होतं, ते सर्वोत्कृष्ट गाण्याच्या स्पर्धेतच नव्हतं.

'केपॉप डेमन हंटर्स'ची गोष्ट याहून टोकाची. २० जून २०२५ ला चित्रपट नेटफ्लिक्सवर आणि अल्बम बाजारात, दोन्ही एकाच शुक्रवारी आले. नवी पात्रं, नवी गोष्ट, आधीचा कुठला भाग नाही. अल्बम बिलबोर्ड २०० मध्ये आठव्या क्रमांकावर आला आणि मग नेहमीसारखा खाली घसरण्याऐवजी वर चढत गेला. ऑगस्टमध्ये 'गोल्डन' हॉट १०० मध्ये पहिलं आलं. मग या एकाच अल्बममधली चार गाणी एकाच वेळी पहिल्या दहांत होती, जे याआधी कुठल्याच साउंडट्रॅकला जमलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये अल्बमही पहिला. इथे वाट बघणं चित्रपटानंतर सुरू झालं: सोबत गाता येईल अशा थिएटरमधल्या खेळांची, सीडी-विनाइलची, नव्या आवृत्तीची. 'गोल्डन' गाणाऱ्या ईजे, ऑड्री नूना आणि रे आमी या तिघी खऱ्याखुऱ्या पॉप ग्रुपसारख्या मंचावर एकत्र आल्या, तेव्हा तर चित्रपटातला हंट्रिक्स हा ग्रुप काल्पनिक आहे हेही लोक विसरले.

गीतकार बदलला की चाहते का बिथरतात?

'मोआना' (२०१६) ची गाणी लोकप्रिय करण्यात मिरांडांचा मोठा वाटा होता. 'मोआना २' मध्ये ते नाहीत हे कळल्यावर अल्बम येण्याआधीच नाराजी सुरू झाली. गाणी लिहिली ॲबिगेल बार्लो आणि एमिली बेअर या दोन तरुणींनी.

या दोघी कोण? २०२१ मध्ये 'ब्रिजर्टन' ही मालिका बघून भारावलेल्या या दोघींनी तिच्यावर गाणी रचायला सुरुवात केली आणि ती टिकटॉकवर टाकत गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. त्या गाण्यांचा अल्बम झाला आणि २०२२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे चाहते म्हणून सुरुवात केलेल्या दोघींचा अल्बम आता दुसरे चाहते हातात भिंग घेऊन तपासत होते. 'मोआना २'ची गाणी पहिल्या भागाइतकी तोंडात बसत नाहीत, हे माझंही मत आहे. पण गाणी ऐकण्याआधीच निकाल लावणाऱ्यांनी त्यांचा रस्ता जरा लक्षात घ्यायला हवा होता.

'लीक' झालेलं गाणं खरं की खोटं?

मोठ्या चित्रपटाआधी 'लीक ट्रॅक' म्हणून काहीतरी फिरतंच. पूर्वी ती चाहत्याने घरी बनवलेली गाणी असायची, आता एआयने बनवलेली असतात. गाणं स्ट्रीमिंग ॲपवर दिसलं म्हणजे ते खरं, असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकएंड यांच्या आवाजाची एआयने नक्कल केलेलं 'हार्ट ऑन माय स्लीव्ह' हे गाणं थेट मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर चढलं होतं. लाखो लोकांनी ऐकल्यावर ते काढलं गेलं.

तपासायचं असेल, तर गायकाच्या स्वतःच्या अधिकृत पानावर तेच गाणं आहे का बघा, आणि गाण्याखाली लिहिलेलं लेबलचं नाव आधीच्या भागाच्या अल्बमशी जुळतं का ते बघा. मुख्य म्हणजे गीतकार-संगीतकारांची नावं दिलेली आहेत का? खोट्या ट्रॅकवाल्यांना नावांची फार काळजी नसते.

पैशांचा मामला वेगळा. 'प्री-सेव्ह' फुकट असतं, त्याने फक्त अल्बम आल्यावर तो आपोआप तुमच्या लायब्ररीत येतो. 'प्री-ऑर्डर' म्हणजे आगाऊ पैसे, आणि विनाइल बऱ्याचदा डिजिटल अल्बमनंतर काही महिन्यांनी हातात पडतं. शिवाय पहिली आवृत्ती घेतली की मागून 'डिलक्स' येते, हे आता इतकं ठरलेलं आहे की संग्रह करायचाच असेल, तर थोडं थांबणं फायद्याचं. पण उलटी उदाहरणंही आहेत. 'अप' (२००९) च्या पार्श्वसंगीताला ऑस्कर मिळालं, तरी तो अल्बम सुरुवातीला फक्त डाउनलोडच्या रूपात होता. सीडी हवी असलेल्यांना २०११ पर्यंत थांबावं लागलं.

मराठीत काय?

'फ्रोझन'मधलं 'लेट इट गो' २०१४ च्या जानेवारीत २५ भाषांतल्या आवाजांनी जोडलेल्या व्हिडिओतून जगभर गेलं. त्यात भारतातली एकही भाषा नव्हती. नऊ वर्षांनी, जून २०२३ मध्ये, 'ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत लागला आणि त्यातली एक मराठी होती. त्या चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन यांची सरमिसळ करून उभारलेलं 'मुंबॅटन' आहे, पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आहे, आणि तिथे पोहोचल्यावर पेम्बर्टन यांचं पार्श्वसंगीतही आपला बाज बदलतं. तेव्हा मराठी चाहत्याने तिसऱ्या भागाच्या अल्बमची वाट बघताना गाण्यांच्या यादीसोबत स्कोअरकडेही कान ठेवावा. आपल्या ओळखीचा आवाज तिकडे सापडण्याची शक्यता जास्त.

डिलक्स अल्बममध्ये लपलेला दुसरा चित्रपट

डिलक्स आवृत्त्यांना मी वर थोडं हिणवलं, पण एका गोष्टीसाठी त्या खरंच घेण्यासारख्या असतात. त्यात कधी कधी चित्रपटातून वगळलेली गाणी असतात, गीतकारांनी स्वतः गायलेल्या कच्च्या रूपात.

'फ्रोझन' (२०१३) चा अल्बम बिलबोर्ड २०० मध्ये एकूण तेरा आठवडे पहिला होता. त्याची दोन डिस्कची डिलक्स आवृत्ती ऐका. सुरुवातीच्या आराखड्यात एल्सा खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या गीतकार जोडप्याने 'लेट इट गो' लिहिलं, ते ऐकल्यावर ही मुलगी वाईट वाटेना, आणि मग तिच्यासाठी कथाच बदलली गेली. बदलण्याआधीच्या वळणांवरची गाणी डिलक्समध्ये शिल्लक आहेत. 'लाइफ्स टू शॉर्ट' मध्ये दोघी बहिणी समेट करायला बसतात आणि कडाडून भांडतात. हे भांडण चित्रपटात नाही. ते गाणं ऐकताना ॲना आणि एल्सा वेगळ्याच वाटतात, जास्त कडवट, थोड्या जास्त खऱ्या. 'फ्रोझन ३'चा अल्बम येईपर्यंत वेळ आहे. तोवर ही दुसरी डिस्क ऐकून ठेवा.